भोवऱ्याची आर परत लावा : ठाण्यातल्या एका गेम स्टुडिओच्या मालकांना खुलं पत्र

प्रति,
सर आणि दादा (ऑफिसात तुम्हाला हेच म्हणायचो म्हणून इथेही तेच),
आणि तुमची ब्रँडिंगची नवीन टीम,
घोडबंदर रोड, ठाणे पश्चिम

नमस्कार,

स्टुडिओचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. बदनामी करायची नाहीये कुणाची, आणि नवीन गेम तोंडावर आलाय तुमचा तेही माहितीये. ज्यांनी कधी ना कधी तुमच्याकडे काम केलंय त्यांना भोवऱ्याचा लोगो म्हटलं की कळेलच, बाकीच्यांनी ठाण्यातला एक गेम स्टुडिओ एवढंच समजावं.

मागच्या महिन्यात नवीन ऑफिसात आले होते, जुन्या मैत्रिणीला भेटायला, तिच्या लंच टाइमला. गेटवर एंट्री, मग रिसेप्शनवर एंट्री, गळ्यात व्हिजिटरचं कार्ड वगैरे सगळं झालं, सोफ्यावर बसले आणि समोर बघते तर भिंतभर मोठ्या अक्षरात 'आमच्या लोगोचा प्रवास'. चार फ्रेम, मागून लाइट सोडलेला, प्रत्येकीखाली वर्ष आणि कुठल्या एजन्सीने केला त्याचं नाव. २०१४, २०१८, २०२१ आणि आत्ताचा. बस. मी दोनदा मोजले. मग रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं की याच्या आधीचे कुठे लावलेत, तर ती बिचारी म्हणाली, "मॅडम, हाच पहिला आहे ना, दोन हजार चौदाचा." तिची काय चूक, ती तेव्हा शाळेत असेल.

पण सर, दादा, तुम्ही दोघं तर शाळेत नव्हता. २०१४ ला आपला स्टुडिओ पाच वर्षांचा होता, अकरा माणसं होती, तीन लोगो होऊन गेले होते. हे तिन्ही कुठे गेले? मी महिनाभर थांबले, मेल टाकला, उत्तर आलं की "फीडबॅकबद्दल धन्यवाद". म्हणून मग हे असं सगळ्यांसमोर.

भिंतीवर जे नाही ते आधी सांगते.

२००९. वागळे इस्टेट, रोड नंबर बावीसच्या आत एका गल्लीत गाळा. एका बाजूला लेथवाला, दुसऱ्या बाजूला खोके बनवणारे. पावसाळ्यात गाळ्यात पाणी यायचं म्हणून सगळे सीपीयू टेबलावर, आणि टेबलावर जागा नाही म्हणून आम्ही मांडीवर कीबोर्ड घेऊन. दादांच्या टेबलावर एक सावंतवाडीचा भोवरा असायचा, चितारआळीतून आणलेला, लाल पिवळा हिरवा, लाखेची चकाकी असलेला, कोड अडला की दादा तो फिरवत बसायचे. गाळ्याला पाटी नव्हती. कुरिअरवाला रोज आपली पाकिटं लेथवाल्याकडे टाकून जायचा आणि तिथून ती ऑइलचे डाग पडून यायची, तेव्हा कंटाळून सर म्हणाले की कुणीतरी पेंटर बघा आणि एक पाटी करून टाका, त्याच्यावर हा भोवरा काढा. लोगोची मीटिंग म्हणाल तर एवढीच झाली होती, चहाच्या टपरीवर, दहा मिनिटं.

पेंटर मी आणला. तुम्ही सगळे त्यांना पेंटरकाका म्हणायचात.

चार फूट बाय अडीच फुटांचा पत्रा. त्याला आधी रेड ऑक्साइड, मग पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात, रात्रभर वाळायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी चुन्यात बुडवलेली दोरी दोन टोकांना धरून ताणली आणि मधून उचलून सोडली, टणकन पत्र्यावर सरळ रेघ. मी शेजारी उभी होते. अक्षरं देवनागरीत, एकाही अक्षराला पट्टी लावली नाही. (आता दुकानं आणि आस्थापनांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहानमोठ्या सगळ्याच आस्थापनांना पाटीवर मराठी अक्षरं लागतात आणि ती दुसऱ्या लिपीपेक्षा बारीक चालत नाहीत, तेव्हा आपल्या गाळ्याला असं काहीच कुणी विचारलं नव्हतं, तरी आपली पाटी मराठीत होती कारण पेंटरने विचारलंच नाही दुसऱ्या कशात लिहायची का. नवीन ऑफिसच्या पाटीवरचं मराठी मी खाली वाकून वाचलं, तेवढं बघून घ्या.)

भोवरा त्यांनी तिरका काढला. सर म्हणाले सरळ काढा, तर ते म्हणाले, "सरळ काढला तर दुकानात मांडलेला वाटतो साहेब, तिरका काढला की फिरतोय." आणि जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, ती डावीकडे वर वळवली, कारण उजव्या कोपऱ्यावर विजेच्या मीटरचा डबा होता आणि पाटीचा तो कोपरा त्याच्यामागे झाकला जाणार होता. बास, एवढंच कारण. पुढे २०१२ ला ते ब्रँडिंगवाले आले होते ना, त्यांनी प्रेझेंटेशनमध्ये सांगितलं होतं की डावीकडे जाणारी रेष ही भूतकाळाशी असलेलं नातं दाखवते. मी आणि साउंडवाला टेबलाखाली तोंड घालून हसलो होतो. मीटरचा डबा!

खाली लोखंडी आर काढली, म्हणजे ज्याच्यावर भोवरा फिरतो तो खिळा, काळी, आणि तिच्यावर बारीकसा पांढरा ठिपका, चमक म्हणून. दोन दिवसांचं काम, चौदाशे रुपये, पावती नाही.

दुसरा लोगो माझा. तेव्हा आपण जावा फोनचे गेम करायचो, आत्ताच्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटतं की काही नोकियांवर अख्खा गेम, चित्रं आवाज सगळं धरून, ६४ केबीच्या आत बसवायला लागायचा आणि स्क्रीन १२८ बाय १२८ पिक्सेलची. एकच गेम तीस चाळीस हँडसेटवर पोर्ट करायचा, म्हणजे त्या त्या फोनवर चालेल असा करायचा, प्रत्येकाची स्क्रीन वेगळी, बटणं वेगळी. त्यात लोगोला किती जागा देणार? मला सांगितलं होतं दोन केबी, त्याच्या वर एक बाइट नाही. मी पाटीचा फोटो काढला, तो समोर ठेवला आणि एक एक पिक्सेल भरत बसले. चार रंग. जाळी अकरा पिक्सेलची, डावीकडेच वळलेली. आर दोन पिक्सेलची. दोन! पण ठेवली होती. लीड म्हणाला होता काढून टाक, कुणाला दिसतेय, तर मी म्हटलं की आर नसेल तर तो भोवरा नाही, लाकडाचा तुकडा आहे.

तिसऱ्याबद्दल फार बोलत नाही. २०१२, स्मार्टफोन आले, सगळ्यांनाच सगळं काचेसारखं चकचकीत पाहिजे होतं, आपणही केलं. वरून पांढरी झाक, खाली सावली, जाळी सोनेरी. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखा दिसायचा. त्याच्यात माझाही हात होता, कबूल. पण त्या लोगोबरोबर एक चांगली गोष्ट झाली, आवाज. रात्री साडेनऊला लेथ बंद झाल्यावर साउंडवाल्याने गाळ्याच्या लादीवर दादांचा खरा भोवरा फिरवून रेकॉर्ड केला, तो घूंऽऽ आणि शेवटी लडखडत थांबतानाचा टकटकटक. गेम चालू झाला की आधी तो आवाज. सेगा कंपनीने १९९१ मध्ये सॉनिक या गेमच्या सुरुवातीला 'सेऽगाऽ' असं गायलेलं टाकलं तर त्या दोन अक्षरांनी कॅसेटमधली जवळजवळ एक अष्टमांश जागा खाल्ली होती म्हणतात, तरी त्यांनी ते ठेवलं, कारण लोगो कानानेही लक्षात राहतो. आपला आवाज तर फुकट होता.

मग २०१३ ला आयफोनच्या आयओएस ७ ने सगळी चकाकी पुसून सपाट रंग आणले आणि वर्षभरात जगातले निम्मे लोगो इस्त्री फिरवल्यासारखे झाले. आपलाही २०१४ ला झाला. मी त्याच वर्षी नोकरी सोडली. तिथून तुमची भिंत सुरू होते.

आता कुणी म्हणेल की लोगो बदलतातच, त्यात काय एवढं. मान्य. मी बदलण्याच्या विरोधात नाहीच, मी स्वतः दोनदा बदललाय. निन्टेन्डो ही कंपनी १८८९ ला क्योटोमध्ये पत्ते बनवत होती, त्यांचा तो लांबट गोलातला लाल लोगो मधल्या काळात दहा वर्षं राखाडी होता, मग परत लाल केला. कोनामीच्या त्या केशरी लाल दोन पट्ट्या, ज्या आमच्या पिढीने कॉन्ट्रा हा गेम चालू करताना बघितल्या, त्या गेल्या आणि नुसती अक्षरं आली, वाईट वाटलं, पण कोनामीने म्हटलं नाही की पट्ट्या कधी नव्हत्याच. युबीसॉफ्टचा भोवरा तर २००३ ला गुंडाळीगुंडाळीचा थ्रीडी होता आणि २०१७ ला सपाट झाला (तो पाण्यातला भोवरा, आपला लाकडाचा, तरी मला उगाच भाऊबंदासारखा वाटतो). बदल कुणाला चुकत नाही.

पण सुरुवात कुठून मोजायची यावर माणसाची नियत कळते. नॉटी डॉग हा गेम स्टुडिओ बघा. १९८४ ला दोन शाळकरी मुलांनी जॅम सॉफ्टवेअर म्हणून सुरू केलं, नॉटी डॉग हे नाव १९८९ ला आलं, कुत्र्याचा पंजा तर अजून नंतर. पण तीस वर्षं झाल्याचा सोहळा त्यांनी कधी केला, २०१४ ला. म्हणजे जॅमपासून मोजलं, ज्या नावाचा आज एक गेम कुणी खेळत नाही तिथून. आणि आपण? पाच वर्षं कापून टाकली कारण गाळा भिंतीवर बरा दिसत नाही.

आणि लोगो कुणी काढला हेही त्या लोकांना सांगता येतं. अटारी या जुन्या गेम कंपनीचा तो तीन फाट्यांचा डोंगरासारखा लोगो, ज्याला फुजी म्हणतात, तो १९७२ ला जॉर्ज ऑपरमनने काढला. प्लेस्टेशनचा उभा पी आणि त्याच्या पायाशी आडवा पसरलेला एस, मनाबू साकामोतो. एकाला पन्नास, दुसऱ्याला तीस वर्षं झाली तरी नाव कुणी खोडलेलं नाही. ईए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा, १९८२ चा पहिला लोगो चौकोन गोल त्रिकोण होता, तोही बॅरी डॉइच या माणसाचा, आणि त्या वेळी ईए गेमची पाकिटं गाण्यांच्या रेकॉर्डसारखी करायचे, बनवणाऱ्याचं नाव वर, आत फोटोसुद्धा. नंतर कंपनी अवाढव्य झाली, लोगोही बदलला, पण सुरुवात अशी होती हे त्यांना कुणी विसरू दिलं नाही.

याच्या उलटही झालंय. ज्या अटारीचा लोगो एवढा मानाचा तिथेच प्रोग्रामरचं नाव गेमवर टाकायची बंदी होती. वॉरन रॉबिनेटने 'अ‍ॅडव्हेंचर' हा गेम करताना त्यात एक गुप्त खोली बनवली, एका ठिपक्याएवढ्या वस्तूने ती उघडायची, आणि आत स्वतःचं नाव लिहून ठेवलं. कंपनीला कळलं तोवर तो नोकरी सोडून गेला होता. आणि हेच, नाव नाही पैसे नाहीत म्हणून, अटारीचे चार प्रोग्रामर बाहेर पडले आणि १९७९ ला त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. हे मी तुम्हाला शिकवायला लिहीत नाहीये सर, ही गोष्ट तुम्हीच मला गाळ्यात सांगितली होती, वडापाव खाताना, आणि म्हणाला होतात आपल्याकडे असं कधी होणार नाही.

आता माझ्या तक्रारी. सांगायच्या तेवढ्याच सांगते.

पहिली, भिंत. ती खोटी आहे. चूक नाही म्हणत, खोटी म्हणतेय, कारण तुम्हा दोघांना खरं माहितीये.

दुसरी, जुने गेम. अँड्रॉइडच्या नवीन व्हर्जनसाठी अपडेट करावे लागतात, नाहीतर स्टोअरवर दिसत नाहीत, हे कळतं मला, अजून याच धंद्यात आहे मी, ऐरोलीला. पण अपडेट करताना २०१३ च्या गेमच्या सुरुवातीला आत्ताचा लोगो घालायची काय गरज होती? माझ्या पुतण्याला दाखवायला घेतला तो गेम, तर भोवऱ्याचा घूं गायब, त्याच्याजागी टुंग असा लिफ्टसारखा आवाज. म्हणजे २०१३ च्या कामावर आजचा शिक्का. जुन्या घराच्या उंबऱ्यावर नवीन भाडेकरूने स्वतःचं नाव कोरावं तसं झालं हे. तुम्हाला आठवत असेल, गेम बॉय, निन्टेन्डोचं ते हातातलं गेमचं मशीन, चालू केलं की निन्टेन्डोची अक्षरं वरून खाली सरकत यायची. ती शोभेला नव्हती नुसती. मशीन कॅसेटमधला लोगो वाचायचं आणि स्वतःकडच्याशी ताडून बघायचं, जुळला नाही तर गेम सुरूच होत नसे, तिथेच ठप्प. आपल्याकडच्या कॅसेटचं तर उलट होतं. कळव्याला आमच्या चाळीत एकाच घरी टीव्हीला लावायचा गेम होता, '९९९९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट, आणि तिच्यातल्या कितीतरी गेमवरून कंपनीचं नावच खोडलेलं. आम्हाला वर्षानुवर्षं माहितीच नव्हतं मारिओ कुणाचा. पायरसीवाल्यांनी नाव खोडलं तर समजू शकते. स्वतःचंच नाव स्वतःच्याच गेमवरून खोडणारे तुम्ही पहिलेच.

तिसरी, आत्ताचा लोगो. आवडीनिवडीवर मी बोलणार नव्हते पण बोलते. जाळी नाही. पट्टे नाहीत. सरळ उभा. आणि आर नाही. मैत्रिणीने सांगितलं की छोट्या साइजला आर दिसत नाही असं एजन्सीचं म्हणणं होतं. अहो, स्टोअरला ५१२ बाय ५१२ चा आयकॉन देता तुम्ही, अ‍ॅपलला १०२४ चा, आणि मी १२८ च्या स्क्रीनवर दोन पिक्सेलची आर दाखवली होती!

चौथी, पाटी. गाळा सोडताना ती पत्र्याची पाटी भंगारात गेली असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो नाही, गोडाउनमध्ये आहे, जुन्या खुर्च्यांच्या मागे. नक्की काय ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि पाचवी तक्रार माझी माझ्यावरच आहे, ती आधी सांगायला हवी होती खरं तर.

पेंटरकाका माझे वडील.

हे तुम्हाला आत्ता पहिल्यांदा कळतंय. मी "ओळखीचे पेंटर आहेत" असं सांगून त्यांना आणलं होतं. गाळ्यात सगळे इंजिनिअर, दोघं पुण्याहून शिकून आलेले, माझी पहिली नोकरी, आणि माझ्या तोंडून नाही निघालं की माझे बाबा पाट्या रंगवतात. ठाण्यात स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंत एकेकाळी त्यांच्या हातच्या पाट्या होत्या, मग रेडियमवाले आले, मग फ्लेक्स आला, आणि २००९ ला महिन्याला दोन पाट्या मिळाल्या तरी खूप. त्यांच्या लक्षात आलं लगेच. दुपारी चहा आला तेव्हा मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही घ्या आधी." घरी गेल्यावर त्यावर एक शब्द नाही, त्यांचाही नाही माझाही नाही.

२०१० च्या पहिल्या गेमच्या क्रेडिट्समध्ये लोगो म्हणून माझं एकटीचं नाव गेलं. ते मीच टाइप केलं होतं. तेव्हा भिंतीवरून नावं गायब करायची सुरुवात तुम्ही नाही केली, मी केली, तुम्ही ती पुढे नेलीत. म्हणून या पत्रात तुमच्यापेक्षा जास्त मोठ्या आवाजात बोलायचा मला हक्क नाही हे कळतंय, पण गप्प बसायचाही नाही.

बाबा आता बहात्तर वर्षांचे आहेत, हात थोडा थरथरतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांना या सगळ्याचं काही नाही. मी मोबाइलवर नवीन लोगो दाखवला तर म्हणाले, "कांदा चांगला काढलाय." म्हटलं बाबा भोवरा आहे तो, आपला. तर फोन जवळ घेऊन बघितलं आणि म्हणाले, "मग आर कुठाय?" एजन्सीला त्यासाठी किती दिले असतील ते मी विचारणार नाही.

मी वकील नाही, पण एवढं वाचलंय की नोकरीत केलेलं चित्र मालकाचं होतं, त्यावर माझं काही म्हणणंच नाही, लोगो तुमचाच आहे, हवा तसा बदला. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५७ वं कलम आहे, हक्क दुसऱ्याला देऊन टाकले तरी हे मी केलं असं म्हणायचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. मला कोर्टात जायचं नाहीये. पैसे नकोत, ना मला ना बाबांना, चौदाशे रुपये तेव्हाच मिळालेत, तेही ज्या दिवशी काम झालं त्याच दिवशी, हे तुमच्या बाजूने मुद्दाम नोंदवते कारण त्या काळी पेंटरला तीन तीन चकरा मारायला लावणारी दुकानं ठाण्यात कमी नव्हती.

मागण्या अशा.

भिंतीवर २०१४ च्या आधी तीन फ्रेम वाढवा. २००९, २०१०, २०१२. जागा आहे, मी सोफ्यावरून बघितली, डावीकडे तो प्लास्टिकच्या झाडाचा कुंडा आहे तो हलवला की झालं. पहिल्या फ्रेमखाली बाबांचं पूर्ण नाव, पेंटर, कळवा. दुसऱ्याखाली माझं नाव टाका किंवा नका टाकू, पण 'पाटीवरून' हा शब्द टाका. तिसऱ्याखाली साउंडवाल्याचं, तो आता दुबईला आहे, त्याला मी कळवलंय.

२०१४ पूर्वीच्या ज्या गेमना अजून अपडेट देता त्यांच्या सुरुवातीला त्या त्या वेळचा लोगो आणि तो भोवऱ्याचा आवाज परत घाला. आवाजाची मूळ फाइल हरवली असेल तर माझ्याकडे सीडीवर आहे, सीडी वाचायला ड्राइव्ह तेवढा तुम्ही शोधा.

पहिल्या गेमच्या क्रेडिट्समधली ती ओळ दुरुस्त करा. काय लिहायचं ते मी वेगळ्या मेलने पाठवते, चूक माझी होती, सुधारूनही मीच देते.

आत्ताच्या लोगोला आर लावा. ही मागणी तुम्ही नाही ऐकली तरी चालेल, एजन्सीशी तुमचं काय करारपत्र असेल ते असेल. पण विचार करा.

आणि पाटी. गोडाउनमध्ये आहे की भंगारात गेली ते एका ओळीत कळवा. असेल तर ती लॉबीत लावा, जशी आहे तशी, उजवा कोपरा मीटरच्या डब्यामागे राहिल्यामुळे कोराच असेल, तोही तसाच ठेवा. लावायची नसेल तर मला द्या. पत्रा पातळ आहे, उचलताना वाकवू नका, आणि गंज चढला असेल तर कुणाला घासायला लावू नका, बाबा म्हणतात रॉकेलच्या फडक्याने नुसतं पुसून ठेवा, पुढचं ते बघतील.

मी रविवारी टेम्पो घेऊन येऊ शकते. घोडबंदरला सकाळी नऊच्या आत ट्रॅफिक नसतो, वॉचमनला तेवढं सांगून ठेवा.

तुमची पहिली आर्टिस्ट
(२००९ ते २०१४)
कळवा, ठाणे